अब्बांचं लायनर, भाच्याचं लायनिंग

माझ्या मोबाईलमध्ये गेल्या वर्षभरात सर्वांत जास्त फोटो कशाचे जमले असतील, तर विमानाच्या चाकांचे. मी स्वतः अजून विमानात बसलेली नाही. नशिबात असेल तर उमऱ्याला जाताना बसेन. फोटो पाठवणारा माझा भाचा, मोठ्या बहिणीचा मुलगा. विमान देखभालीचं शिक्षण घेतोय आणि सध्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या हँगरमध्ये हातानं काम शिकतोय. मी मालेगावात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. दोघांचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

तो दहावीपर्यंत उर्दू माध्यमात होता. मग अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून, आणि पुढे डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत एएमईचा कोर्स. एएमई म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. दुरुस्त झालेलं विमान उडायला योग्य आहे, अशी सही करण्याचा अधिकार त्या लायसनमुळे मिळतो. मोहल्ल्यातले लोक अजूनही विचारतात, "पायलट बन रहा है ना?" आणि आपा हो म्हणून मोकळी होते. कोण समजावत बसणार!

एके रात्री इशाच्या नमाजनंतर त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. "खाला, मैं वापस आ रहा हूँ. मामू की दुकान पे बैठूंगा."

विचारत विचारत गोष्ट बाहेर आली. हाताच्या कामात तो त्याच्या बॅचमध्ये पुढे होता. वरिष्ठ इंजिनिअर दुसऱ्या मुलांना त्याचं काम बघायला सांगायचे. पण केलेल्या कामाचा कागद भरायचा, तो तीन वेळा परत आला होता. ते कागद जमले नाहीत तर अनुभवाची नोंद होत नाही, आणि अनुभवाशिवाय लायसन नाही. मी म्हटलं, काय लिहिलं होतंस ते पाठव. त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं: ब्रेक वर्क डन, चेक्ड ओके.

"दुकान पे तो इतना भी नहीं लिखते थे," तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. दुकान म्हणजे मुंबई-आग्रा हायवेला लागून असलेलं आमच्या अब्बांचं ब्रेक-लायनरचं दुकान. मालेगावात ज्याच्या त्याच्या घरी लूम. आमच्या घरी मात्र ट्रकचे ब्रेक. आता माझा धाकटा भाऊ चालवतो. मुली दुकानावर बसत नसत, पण दुपारचा डबा मीच पोचवायची, आणि अब्बांचं जेवण होईपर्यंत लाकडी खोक्यावर बसून बघत राहायची. ट्रकचा ब्रेक ड्रमचा असतो. ड्रम उतरवला की आत चंद्रकोरीसारखे दोन शू दिसतात, त्यांच्या पाठीवर लायनर ठोकलेला. अब्बा रिव्हेटला 'रिबिट' म्हणायचे. झिजलेल्या लायनरचे रिबिट पंचनं उडवायचे, शू घासून साफ करायचा, नवा लायनर ठेवायचा आणि रिबिट ठोकायला मधल्या भोकांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. टोकाकडून सुरुवात केली तर मध्ये पोकळी राहते आणि पुढे ब्रेकच्या दाबानं लायनर तडकतो. शेवटी अब्बा हातोडीनं हलकेच टकटक करून कान लावायचे. घट्ट बसलेल्याचा आवाज वेगळा, पोकळ राहिलेल्याचा वेगळा. हे सगळं त्यांनी त्यांच्या उस्तादांकडून बघून घेतलेलं. कागदावर एक ओळ नाही. ट्रक घाट उतरून सुखरूप जायचा, ड्रायव्हर पुढच्या खेपेला हात वर करून जायचा, झाली नोंद.

भाचा याच दुकानात लहानाचा मोठा झाला. सुट्ट्यांत मामूच्या हाताखाली रिबिट ठोकत. म्हणून विमानाच्या ब्रेकचं लायनिंग बदलायचं काम समोर आलं तेव्हा त्याला हसूच आलं. म्हणाला, खाला, वही अपना काम है, बस छोटा है.

मी त्याला म्हटलं, मॅन्युअलचं ते पान पाठव. पुढचे तीन आठवडे रोज रात्री अर्धा तास आम्ही दोघांनी ते वाचलं. मला मशीन कळत नाही, पण वाक्य कळतं. वाक्याचं काय असतं, ते मुलांना शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

पहिल्यांदा माझं लक्ष गेलं ते तीन शब्दांकडे. वॉर्निंग, कॉशन आणि नोट. भाचा तिन्ही ठिकाणी 'सूचना' असंच वाचत होता, आणि सूचना म्हणजे आपल्याकडे न वाचण्याची गोष्ट. पण या तिघांत फरक ठरलेला आहे. वॉर्निंग म्हणजे ऐकलं नाहीत तर माणसाला इजा होईल, जीव जाईल. कॉशन म्हणजे यंत्राचं नुकसान होईल. नोट म्हणजे कामाची जास्तीची माहिती. मला हे फार आवडलं. आपल्या शाळेच्या फलकावर 'धावू नका', 'नळ बंद करा' आणि 'सोमवारी सुट्टी' हे सगळं एकाच खडूनं, एकाच आकारात लिहिलेलं असतं.

मग क्रियापदं. दुकानात एकच क्रियापद: 'बना दिया'. मॅन्युअलमध्ये काढणं वेगळं, तपासणं वेगळं, मोजणं वेगळं, दुरुस्त करणं वेगळं आणि बदलणं वेगळं. 'चेक्ड ओके' म्हणजे काय तपासलं? जाडी? डिस्कवरचा गंज? तेलाची गळती? मी त्याला एक वही करायला लावली. डाव्या बाजूला इंग्रजी क्रियापद, उजव्या बाजूला त्याच कामाला दुकानात काय म्हणतात ते उर्दूत. जिथे दुकानात शब्दच नाही तिथे कोरी जागा सोडायची. मोजणं, नोंदवणं आणि ठरावीक ताणानं बोल्ट कसणं, या तिन्हींसमोरची जागा कोरी राहिली.

आणि प्रयोग. आठवीच्या मुलांना कर्मणी प्रयोग शिकवताना मी सांगते, कर्ता मागे जातो, कर्म पुढे येतं. विमानाच्या नोंदीत कर्ता वाक्यातून पुरता नाहीसा होतो. डाव्या चाकाचं लायनिंग बदललं. डिस्क तपासली. कुणी? वाक्यात कुठेच नाही. तो खाली असतो, सहीत. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. थोड्या वेळानं म्हणाला, मग नाना के काम का फाइल कहाँ है? फाइल म्हणजे कर्ता. उर्दू व्याकरणातला 'फ़ाइल'. मी म्हटलं, हायवेवरच्या ट्रकांना विचार.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याच्या हँगरला गेले. गेटवर आधार कार्ड दाखवलं, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद ऐकली. पांढऱ्या रंगाचं चार आसनी सेसना १७२ उभं होतं. जगात सर्वांत जास्त संख्येनं बनलेलं विमान हेच. १९५५ साली त्याचं पहिलं उड्डाण झालं आणि आजवर ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. जवळून बघितलं तर केवढंसं! पूर्ण भरलं तरी वजन साडेअकराशे किलोच्या आसपास, आपल्या छोट्या मोटारीएवढं.

त्याला तीन चाकं. पुढच्या चाकाला ब्रेक नाही, फक्त मागच्या दोघांना, आणि दोघांचे ब्रेक स्वतंत्र. वैमानिकाच्या पायाशी दोन पेडल असतात. पेडल पुढे ढकललं की शेपटीचा रडर हलतो आणि जमिनीवर असताना पुढचं चाकही वळतं. पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबला की ब्रेक लागतो, डाव्या पायानं डावीकडचा, उजव्या पायानं उजवीकडचा. म्हणजे विमानात ब्रेक थांबायला लागतो तसा वळायलाही लागतो. आणि इथेच शिकाऊ वैमानिक लायनिंग खातात. भीतीनं त्यांचे पाय पेडलवर वर सरकलेले असतात, रडर दाबता दाबता ब्रेकही दाबला जातो. टाचा खाली जमिनीवर ठेवा, असं शिक्षक सारखे ओरडत असतात. ओरडूनही उपयोग होत नाही, हे मी शिक्षिका म्हणून खात्रीनं सांगू शकते.

त्या दिवशी डाव्या चाकाचं काम होतं. भाच्यानं आधी पेडलवर पाटी अडकवली: ब्रेक दाबू नये. कारण ब्रेकचा कॅलिपर डिस्कवरून उतरवलेला असताना कुणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येतो आणि तेल सांडतं. मग मागच्या प्लेटचे बोल्ट काढले, प्लेट हातात आली, आणि कॅलिपर त्याच्या दोन पिनांवरून अलगद सरकवून बाहेर. चाक काढावं लागत नाही, तेलाची नळी उघडावी लागत नाही. क्लीव्हलँड नावाच्या या ब्रेकची रचनाच तशी. मला वाटलं होतं, विमान म्हणजे सगळं अवघड असेल. अब्बांना ट्रकचा ड्रम उतरवायला दोन माणसं लागायची.

नळीवर वजन पडू नये म्हणून त्यानं कॅलिपर तारेनं टांगून ठेवला. दोन लायनिंग, डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक, तळहातात मावतील एवढी. त्यानं व्हर्नियरनं जाडी मोजली, तीसुद्धा सर्वांत झिजलेल्या जागी. ०.१०० इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर, ही हद्द. तिथवर आलं की बदलायचं, अजून थोडं चालेल असं म्हणायचं नाही. अब्बांची हद्द अंगठ्यानं ठरायची. रिबिटचं डोकं अंगठ्याला लागलं की बदल. मोजायची तऱ्हा वेगळी, भीती एकच: लायनर संपून रिव्हेट धातूला घासायला लागलं की डिस्क असो वा ड्रम, त्यावर चरे पडणार.

जुनी रिव्हेट काढून, प्लेट साफ करून, नवं लायनिंग ठेवलं. रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या खोलगट भोकात बुडलं पाहिजे आणि पोकळ शेपटी प्लेटच्या मागच्या बाजूनं फुलासारखी उमलून बसली पाहिजे. यासाठी एक छोटं हत्यार असतं. हे लायनिंग सपाट, म्हणून मधून टोकाकडे जायचा अब्बांचा नियम इथे लागत नाही. भाच्यानं तरीही बसवून झाल्यावर बोटानं टकटक केलं आणि कान लावला. वरिष्ठ इंजिनिअर हसले. "हे मॅन्युअलमध्ये नाही," ते म्हणाले, "पण यानं काही बिघडत पण नाही. हलतंय का ते मात्र हातानं बघ."

मग माझ्याकडे वळून त्यांनी बाजूच्या टेबलावरची एक रद्द झालेली प्लेट आणि जुना लायनिंगचा तुकडा दाखवला. म्हणाले, मॅडम, लावा एक रिव्हेट. एवढी वर्षं अब्बांच्या दुकानात खोक्यावर बसले, पण हातोडी माझ्या हातात कधी कुणी दिली नव्हती. मी बुरख्याची बाही वर केली आणि लावलं. त्यांनी प्लेट उलटी करून शेपटी बघितली, नखानं चाचपली. "प्रॅक्टिसच्या पट्टीला चालेल." एवढ्यावरही मी खूश होते, खोटं कशाला बोलू.

बोल्ट कसायची वेळ आली तेव्हा टॉर्क रेंच आला. किती ताणायचं तो आकडा ठरलेला, तेवढा ताण झाला की रेंच 'कट' असा आवाज करतो आणि हात थांबतो. कमी नाही, जास्त नाही. तेलही वेगळं, लाल रंगाचं खनिज तेल. मोटारीच्या दुकानातलं ब्रेक ऑइल यात घातलं तर आतली रबरी सील खराब होतात. दुकानात वाढलेल्या मुलासाठी सर्वांत धोक्याची जागा हीच, कारण बाटलीवर दोन्हीकडे ब्रेकच.

नवं लायनिंग बसवल्या बसवल्या पूर्ण ताकदीनं धरत नाही. त्याला आधी तापवून मुरवावं लागतं. इंजिन १७०० फेऱ्यांवर ठेवून, ब्रेक दाबून वेग ताशी पाच ते दहा मैलांच्या आत राखत विमान १५०० फूट, म्हणजे साधारण साडेचारशे मीटर, चालवायचं. मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं. नंतर जागेवर उभं करून, ब्रेक दाबून पुन्हा इंजिन वाढवायचं आणि ब्रेक विमानाला धरून ठेवतो का ते बघायचं. धातूमिश्रित लायनिंगची रीत वेगळी. ही सेंद्रिय लायनिंगची. त्या पंधरा मिनिटांत कुणी घाई केली नाही, कुणी पेडल दाबून बघितलं नाही. मी धावपट्टीच्या कडेला सावली शोधून उभी राहिले.

त्या संध्याकाळी त्यानं भरलेला कागद मी वाचला. तारीख, विमानाचे एकूण तास, कुठलं चाक, जुन्या लायनिंगची मोजलेली जाडी, नव्याचा पार्ट नंबर, मॅन्युअलचं प्रकरण, डिस्कची अवस्था, बोल्टचा टॉर्क, मुरवण्याची चाचणी. खाली त्याची सही, त्याखाली इंजिनिअरची. एक स्पेलिंग चुकलं होतं. मी लाल पेन काढला नाही.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. काम सुरू होण्याआधी भाच्यानं तोंडाला मास्क बांधला होता आणि ब्रेकवरची भुकटी ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बंद केलं होतं. जवळच हवेचा पाइप होता, त्याला हात लावला नाही. मी कारण विचारलं. म्हणाला, वॉर्निंग है, खाला. पूर्वीच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासातून फुफ्फुसात जाऊन अडकतात, आणि आजार वर यायला वीस-तीस-चाळीस वर्षंही लागतात. आता नव्या लायनिंगमध्ये ते नसतं, तरी ब्रेकची भुकटी हवेनं उडवायची नाही, हा नियम कायम.

अब्बा ती भुकटी तोंडानं फुंकायचे. ड्रम उतरवायचा, पुढे वाकायचं आणि फू. पुढे कॉम्प्रेसर घेतला तेव्हा दुकानात मिठाई वाटली होती. एका झटक्यात ड्रम साफ. त्या करड्या ढगात मी डबा घेऊन उभी असायची. अब्बांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. शेवटची चार वर्षं खोकल्यानं रात्र रात्र बसून काढली. दवाखान्यात केसपेपरवर धंदा या रकान्यासमोर 'लेबर' लिहिलेलं आहे. तो कागद माझ्याकडे आहे. कसलं लेबर, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर निदान वेगळा तपास तरी झाला असता. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

बकरीदला भाचा घरी आला तेव्हा दुकानावर मास्कचं खोकं आणि पाणी मारायची बाटली घेऊन गेला. मामू-भाच्यात चांगलीच जुंपली. माझा भाऊ म्हणाला, आजकालच्या डब्यावर लिहिलेलं असतं, बिना ॲस्बेस्टॉस. भाचा म्हणाला, डब्यावर लिहिलेलं असतं. तुम्ही सुट्टा घेता त्या मालावर कुठे काय लिहिलेलं असतं? आणि जो जुना लायनर तुम्ही उखडता, तो कुठल्या डब्यातला होता? भावाला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यानं चहा मागवला. आमच्या घरात हार अशीच मान्य होते.

आता दुकानात पाण्याची बादली असते. ड्रम उतरवला की आधी ओलं फडकं. मास्क उन्हाळ्यात कुणी दोन तासांपेक्षा जास्त ठेवत नाही. भाच्यानं भिंतीला एक वहीही टांगली: गाडी नंबर, कुठलं चाक, कुठल्या कंपनीचा लायनर, काम कुणी केलं. अकरा दिवस नियमानं भरली गेली. दुकानातल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं स्वतःचं नाव उर्दूत इतकं झोकदार लिहिलंय की रकाना पुरला नाही. बाराव्या दिवसापासून पानं कोरी, आणि मागच्या बाजूनं भावानं उधारी लिहायला सुरुवात केली आहे. मी भावाला सांगून ठेवलंय, उधारी दुसऱ्या वहीत लिही. कॉम्प्रेसरचा पाइप मात्र अजून हाताशी, खिळ्यालाच टांगलेला आहे.